‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली का?

कामगाराच्या घरात इंग्रजी शब्द शाळेच्या पाटीवरून आले त्याच्या आधी कारखान्याच्या गेटातून आले. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नसेल, पण ‘मस्टर’, ‘बोनस’, ‘ओव्हरटाइम’, ‘फंड’ हे शब्द त्यांच्या तोंडी होते. आजीही शेजारणीला सांगायची, “आज ह्यांचा ऑफ हाय, उशिरा उठतील.” हे शब्द आपण पुस्तकातून शिकलो नाही, पगाराच्या पाकिटातून शिकलो. पुस्तकातल्या शब्दाचा अर्थ चुकला तर दोन मार्क जातात. पगाराच्या पाकिटातल्या शब्दाचा अर्थ चुकला तर महिन्याचा किराणा जातो.

असाच एक शब्द आज आम्ही आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. शब्द आहे ‘ले-ऑफ’. तो आपल्या ओळखीचा आहे, वर्तमानपत्रात दर महिन्याला दिसतो, टीव्हीवर ऐकू येतो. तरीही त्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे आमच्याच नात्यातला एक मुलगा नोकरी हातची घालवून बसला असता.

पारगावची एक रविवार सकाळ

आमच्या भागात पारगाव नावाची दोन गावे आहेत. एक जुन्नर तालुक्यातले पारगाव तर्फे आळे. दुसरे आंबेगाव तालुक्यातले, जिथे दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. आमची नातीगोती दोन्हीकडे आहेत. ही हकिकत आंबेगावच्या पारगावची.

२०१९ सालचा पावसाळा होता. त्या वर्षी देशभर मोटारी, दुचाक्या आणि ट्रक यांचा खप घसरला होता. पुणे जिल्ह्यातल्या वाहन कारखान्यांनी महिन्यातले काही काही दिवस उत्पादन बंद ठेवले. मोठ्या कारखान्याने शिंक दिली की त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्याला ताप येतो. आमच्या चुलतभावाचा मुलगा अशाच एका लहान कारखान्यात चाकण बाजूला कामाला होता. कारखान्यात ऐंशी-नव्वद कामगार. मुलाची चार वर्षे भरलेली, नाव कायम मस्टरवर, पगारातून फंड कापला जात होता. तिकडेच खोली घेऊन राहत होता.

एका शनिवारी रात्री तो अचानक गावी आला. खांद्यावर पिशवी आणि हातात दोन कागद. पहिला कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. त्यात लिहिले होते की, मागणी नसल्याने माल साठून राहिला आहे, सबब सोमवारपासून ‘यू आर हिअरबाय लेड ऑफ’. दुसरा कागद कोरा छापील होता. त्यावर फक्त नाव, तारीख आणि सही करायची होती. सुपरवायझरने सांगितले होते, “सही करून सोमवारी पाठवून दे. काम निघालं की पहिल्यांदा तुलाच बोलावतो.”

घरात रडारड झाली. धाकटी बहीण बारावीला होती. तिने मोबाइलवर शब्दाचा अर्थ शोधला. तिच्यासमोर अमेरिकेतल्या बातम्या आल्या. अमुक कंपनीने हजारो लोकांना ले-ऑफ केले, त्यांनी खोकी भरली आणि घरी गेले. ती म्हणाली, “दादा, ले-ऑफ म्हणजे काढूनच टाकणं.” मुलाने ठरवले की आता गावातच राहायचे, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तिथे काही मिळते का पाहायचे, आणि दुसऱ्या कागदावर सही करून मोकळे व्हायचे.

सकाळी विहारात वंदना झाल्यावर त्याच्या वडिलांनी ते कागद बाहेर ओट्यावर काढले. तिथे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आम्ही सगळे त्यांना आजोबा म्हणतो. मुंबईला कापड गिरणीत त्यांची वीस वर्षे गेली. जानेवारी १९८२ चा संप त्यांनी पाहिला आणि त्यानंतर गाठोडे बांधून गावी आले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मुलीला विचारले, “बाळा, त्या कागदावर शब्द कोणता हाय तेवढा सांग. टर्मिनेट हाय? रिट्रेंच हाय? का ले-ऑफ हाय?”

“आजोबा, लेड ऑफ आहे.”

“मग नोकरी कुठं गेली? आरं, आमच्या गिरणीत कापूस संपला की ले-ऑफ, वीज गेली की ले-ऑफ. नाव मस्टरवर ऱ्हायचं, अर्धा पगार मिळायचा. आता दुसरा कागद वाच.”

मुलीने वाचला. “आय हिअरबाय रिझाइन व्हॉलंटरिली…” वाचता वाचता तिचाच आवाज बारीक झाला. मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.

आजोबांनी तो कागद घडी घालून मुलाच्या वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाले, “ह्याच्यावर सही करायची न्हाई. आन् पोरा, तू आजच संध्याकाळच्या गाडीनं माघारी जा. उद्या गेटवर हजर ऱ्हा. हजेरी चुकली तर अर्धा पगारपण जातो.”

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने इंग्रजीचा एकही धडा न शिकता जे सांगितले, ते पुढे आम्ही जाणकारांकडून तपासून घेतले. शब्दान् शब्द खरा निघाला. तेच इथे क्रमाने मांडतो. आधी भाषा, मग कायदा.

दोन शब्द आणि तिसराच अर्थ

इंग्रजीत एक सोय आहे. साधे क्रियापद घ्यायचे, त्याला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’ असा छोटा शब्द जोडायचा आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ तयार करायचा. सुटे शब्द कोशात पाहून हा अर्थ सापडत नाही. म्हणून आपली मुले अडखळतात, आणि इंग्रजी आपल्याला जमणारच नाही असे त्यांना वाटू लागते.

पण हीच सोय आपल्या मराठीतही आहे. ‘हात’ हा एकच शब्द घ्या. ‘हात उचलणे’ म्हणजे मारणे. ‘हात वर करणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे. ‘हात देणे’ म्हणजे मदत करणे. ‘हात मारणे’ म्हणजे लांबवणे. उचलणे आणि वर करणे यांत हालचाल एकच, पण अर्थ किती लांबचे! हे आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाही, घरात ऐकून ऐकून कळले. इंग्रजीच्या या जोडशब्दांचेही तसेच आहे. ते ऐकून, वापरून आणि प्रसंगासकट लक्षात ठेवून येतात.

आता ‘ले’ आणि ‘ऑफ’ वेगळे करून पाहू. ‘ले’ म्हणजे ठेवणे, नीट आडवे मांडणे. गवंडी विटा रचतो त्याला इंग्रजीत ‘ले’ हेच क्रियापद आहे. कोंबडी अंडे घालते तिथेही ‘ले’ आहे. भूतकाळी त्याचे ‘लेड’ होते. लिहिताना एल, ए, आय, डी अशी अक्षरे येतात. ‘प्ले’चे ‘प्लेड’ होते तसे वाय ठेवून त्याला ईडी लावत नाहीत. परीक्षेत इथे पुष्कळ मुले चुकतात.

‘ऑफ’ तर घराघरात आहे. लाइट ऑफ म्हणजे बंद. वीकली ऑफ म्हणजे सुट्टी. विहारात शिरताना चपला काढा असे इंग्रजीत सांगायचे तर ‘टेक ऑफ युवर चप्पल्स’ म्हणता येते, म्हणजे अंगापासून बाजूला काढा. बंद, सुट्टी, बाजूला हे तिन्ही अर्थ एकमेकांना लागूनच आहेत.

म्हणून ‘ले ऑफ’ म्हणजे कामापासून बाजूला काढून ठेवणे. पाहुणे गेले की मोठे पातेले घासून पुसून फळीवर ठेवतो. ते पातेले आपण भंगारात घातलेले नसते, पुन्हा लागेल म्हणून ठेवलेले असते. आपल्या कायद्यातला ले-ऑफ असा आहे.

एक शब्द, दोन देश

मग बारावीच्या मुलीला सापडलेला अर्थ चुकीचा होता का? नाही. तोही खरा होता, पण दुसऱ्या देशातला होता.

अमेरिकेतही हा शब्द पूर्वी तात्पुरत्या कामबंदीसाठी वापरत. मागणी आली की कामगारांना परत बोलावत. पुढे बोलावणे येईनासे झाले आणि शब्द तोच राहिला. आज तिथे ‘आय वॉज लेड ऑफ’ असे कोणी म्हणाले तर बहुधा त्याची नोकरी कायमची गेलेली असते. मात्र त्याच्या चुकीमुळे गेली नाही, कंपनीला माणसे नको झाली म्हणून गेली. चुकीमुळे काढले तर तिथे ‘फायर्ड’ म्हणतात. २०२२ आणि २०२३ मध्ये संगणक कंपन्यांतल्या ज्या बातम्या आपण वाचल्या, त्यांत ले-ऑफ हा शब्द या अर्थाने होता.

आपल्याकडे बोलताना कायमचे काढणे याला ‘नारळ दिला’ किंवा ‘डच्चू दिला’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत त्याला ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कामगार कपात म्हणतात. ले-ऑफ ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. वर्तमानपत्रे पुष्कळदा दोन्हींना ‘कपात’ म्हणून मोकळी होतात आणि घोटाळा वाढतो. म्हणून बातमी वाचताना कोणत्या देशाची आहे ते पाहावे, आणि हातात कागद आला तर त्यातला नेमका शब्द पाहावा.

वाक्यात कर्ता कोण?

शाळेत आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्या मुलाच्या दोन कागदांत फरक होता तो याच गोष्टीचा.

‘द कंपनी लेड हिम ऑफ.’ या वाक्यात काम बंद करणारी कंपनी आहे. तोच अर्थ कामगाराच्या बाजूने सांगायचा तर ‘आय वॉज लेड ऑफ’ म्हणायचे, म्हणजे मला बसवले गेले. यातला ‘वॉज’ गाळता येत नाही. ‘आय लेड ऑफ’ म्हटले तर मीच थांबलो असे होते. ‘आय रिझाइन्ड’ मध्ये तर कर्ता उघडच आपण आहोत, नोकरी मी सोडली.

कंपनी कर्ता असेल तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. कर्ता आपण झालो तर ती जबाबदारी संपते. म्हणून पहिला कागद देताना दुसऱ्यावर सही मागितली जाते. इंग्रजी कागदावर सही करण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा, की या वाक्यात करणारा कोण आहे? मालक की मी?

कायद्यातला ले-ऑफ

कामगारांच्या कायद्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. मुंबई प्रांतात संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते.

त्यानंतर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ आला. त्यात सुरुवातीला ले-ऑफची भरपाई नव्हती. १९५३ साली गिरण्यांत तयार कापड साठून राहिले आणि हजारो कामगारांवर घरी बसण्याची वेळ येऊ लागली. तेव्हा त्या वर्षी कायद्यात ले-ऑफ आणि कामगार कपात यांवरचे नवे प्रकरण घालण्यात आले. त्यानंतरही सुमारे सत्तर वर्षे तो कायदा चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. ले-ऑफचे मूळ नियम नव्या संहितेतही आले आहेत. ते असे:

कारण. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र बिघडले, नैसर्गिक आपत्ती आली, अशा किंवा यांच्याशी जोडलेल्या कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, तेव्हाच तो ले-ऑफ. कामगाराचे नाव मस्टरवर असले पाहिजे.

भरपाई. कामगाराचे एक वर्ष सलग सेवेचे झालेले असेल तर त्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के रक्कम मिळते. मध्ये येणाऱ्या साप्ताहिक सुट्ट्या त्यात धरत नाहीत. एक वर्ष सलग म्हणजे मागच्या बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम. रीतसर ले-ऑफचे दिवसही त्या २४० मध्ये मोजतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

हिशेब. मुलाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दिवसाला ४८० रुपये पडत होता. ले-ऑफ तीन आठवडे चालला, म्हणजे २१ दिवस. त्यातल्या तीन साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या, राहिले १८. दिवसाला २४० रुपये याप्रमाणे ४,३२० रुपये. पूर्ण पगारापुढे ही रक्कम लहान आहे, पण खोलीभाडे आणि दळण यावर निघाले.

पंचेचाळीस दिवस. बारा महिन्यांत ले-ऑफ ४५ दिवसांच्या वर गेला, तर त्यापुढची भरपाई बंद करता येते. पण केव्हा? तसा करार कामगार आणि मालक यांच्यात झाला असेल तर. म्हणजे इथेही गाठ आपल्या सहीशीच आहे.

दोन तास. ठरल्या वेळी आपण गेटवर हजर आहोत आणि दोन तासांत काम दिले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. पाळीच्या उत्तरार्धात या असे सांगून तेव्हा काम दिले, तर अर्धाच दिवस ले-ऑफ. बोलावूनही काम दिले नाही, तर त्या उत्तरार्धाचा पूर्ण पगार द्यावा लागतो.

भरपाई कशाने बुडते?

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली हजेरी. ले-ऑफच्या काळात कामाच्या वेळेत दिवसातून एकदा ठरल्या वेळी हजर राहावे लागते. मुलगा गावीच राहिला असता तर भरपाई बुडाली असती. आजोबांनी त्याला संध्याकाळच्या गाडीत बसवले ते यासाठी. दुसरी पर्यायी काम. त्याच मालकाने जवळपासच, तेवढ्याच पगारावर, नवे कौशल्य लागणार नाही असे दुसरे काम देऊ केले आणि आपण नाही म्हटले, तर हक्क जातो. तिसरी, कारखान्याच्या दुसऱ्या भागातल्या कामगारांनी संप केला किंवा काम मंद केले म्हणून आपल्यावर ले-ऑफ आला, तर भरपाई मिळत नाही.

शिवाय हा नियम सगळ्यांना लागू नाही. सरासरी ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी तो लागत नाही. बदली किंवा तात्पुरत्या कामगारालाही लागत नाही. मात्र बदली कामगाराचे एक सलग वर्ष भरले की तो बदली राहत नाही. म्हणूनच आपल्या मुलांना सात-आठ महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. २४० दिवस भरू नयेत हा त्यातला हिशेब. ब्रेक आणि ले-ऑफ हे शब्द कामगारांच्या बोलण्यात शेजारी शेजारी असतात, पण ब्रेकमध्ये नाव पटावरून निघते आणि ले-ऑफमध्ये राहते.

हंगामी उद्योगांनाही या भरपाईतून वगळले आहे. पारगावच्या लोकांना हे समजून घेण्याची विशेष गरज आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपतो, हंगामी कामगार घरी येतो. त्याला आपण सहज म्हणतो, “आता ऑफ सीझन.” हा ऑफ म्हणजे ले-ऑफ नव्हे. हंगाम संपणे हे आधीपासून ठरलेले असते. या काळासाठी राज्यातल्या साखर कामगारांच्या वेतन करारांत हंगामी कामगारांना ‘रिटेन्शन’चा भत्ता ठरवला जातो. त्याची चौकशी आपल्या युनियनकडे करावी. फडात कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराचे नाव तर कारखान्याच्या मस्टरवरच नसते, ते मुकादमाच्या वहीत असते. त्याला रिटेन्शनही नाही आणि ले-ऑफही नाही. मस्टरवर नाव असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे, ते हा एक शब्द दाखवतो.

नव्या संहितेत काय बदलले?

मोठा बदल परवानगीचा आहे. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ देण्याआधी साधारणपणे सरकारची परवानगी लागत असे. आता ही अट ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्यांना पूर्वी विचारावे लागत होते, ते आता लागणार नाही. सरकारी नजर जिथे कमी झाली तिथे कामगाराची स्वतःची नजर वाढायला हवी.

कायमची कपात झाली तर काय, तेही सांगून ठेवतो. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ३०० कामगारांवरच्या कारखान्यांना याहून कडक नियम आहेत. राजीनाम्यावर सही केली की कपातीची ही भरपाई मागता येत नाही.

तक्रार कुठे करावी? युनियन असेल तर आधी तिथे. नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

मुलांसाठी सराव

आता पुन्हा भाषेकडे. घरातल्या मुलांनी खालील वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

‘द फॅक्टरी लेड ऑफ टेन वर्कर्स.’ कारखान्याने दहा कामगारांना ले-ऑफ दिला. ‘द फॅक्टरी लेड टेन वर्कर्स ऑफ’ असेही चालते. पण कामगारांच्या जागी ‘देम’, ‘हिम’, ‘मी’ असे सर्वनाम आले तर ते मधेच बसते. ‘लेड देम ऑफ’ बरोबर, ‘लेड ऑफ देम’ चूक.

‘माय फादर वॉज लेड ऑफ फॉर थ्री वीक्स.’ माझ्या वडिलांना तीन आठवडे ले-ऑफ होता. ‘फॉर थ्री वीक्स’ अशी मुदत घातली की तो तात्पुरता होता हे ऐकणाऱ्याला कळते.

‘देअर वॉज अ ले-ऑफ इन द मिल.’ इथे ले-ऑफ हे नाम झाले. नाम लिहिताना मधे छोटी रेघ देतात किंवा शब्द जोडून लिहितात. क्रियापद असताना दोन शब्द सुटे.

या शब्दाला घरगुती अर्थही आहे. ‘ले ऑफ टोबॅको’ म्हणजे तंबाखू सोड. ‘ले ऑफ माय ब्रदर’ म्हणजे माझ्या भावाच्या वाटेला जाऊ नको. या अर्थाने वापरताना मात्र ‘ऑफ’ आधी येतो आणि ज्याला सोडायचे तो शब्द नंतर. तंबाखूलाच ‘इट’ म्हटले तरी ‘ले ऑफ इट’ असेच म्हणायचे.

‘ऑफ’चे आणखी काही भाऊबंद कामाच्या ठिकाणी भेटतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे संप किंवा सभा मागे घेणे, रद्द करणे. ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणजे पटावरून नाव कमी करणे. हा शब्द कागदावर दिसला तर लगेच सावध व्हावे. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून टाकणे. आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबातून कर्ज बाजूला काढणे. हे कर्ज माफ झाले असे पुष्कळांना वाटते. तसे नसते, वसुली पुढे चालू राहते. म्हणजे ‘ऑफ’ दिसला की संपले, असे धरून चालू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

तो सोमवारी सकाळी गेटवर हजर झाला. त्याच्यासारखे आणखी सातजण आले होते. बाकीच्यांनी राजीनाम्याच्या कागदावर सही करून दिली होती. या आठांनी रोज हजेरी लावली. गेटवर रजिस्टर ठेवलेले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या वहीत तारीख, वेळ लिहून एकमेकांच्या सह्या घेतल्या आणि पहिल्या नोटिशीला लेखी उत्तर दिले. इंग्रजीत चारच ओळी. ‘वी हॅव बीन लेड ऑफ. वी हॅव नॉट रिझाइन्ड. वी आर प्रेझेंट एव्हरी डे. प्लीज पे अवर कॉम्पेन्सेशन.’ आम्हाला ले-ऑफ दिला आहे, आम्ही राजीनामा दिलेला नाही, आम्ही रोज हजर आहोत, आमची भरपाई द्यावी. हे पत्र बारावीच्या त्या बहिणीने लिहिले होते.

तीन आठवड्यांनी काम सुरू झाले. आठही जण आत गेले आणि पुढच्या पगारात अर्ध्या पगाराची रक्कम जमा झाली. ज्यांनी सही करून दिली होती त्यांतले काही पुढे त्याच कारखान्यात लागले, पण ठेकेदाराकडे, नव्याने, पहिल्या दिवसापासून. मागची सेवा कोणी मोजली नाही.

मुलगी आता पदवीधर झाली आहे. दर रविवारी विहाराच्या ओट्यावर ती कामगारांच्या घरांत आलेले इंग्रजी कागद वाचून दाखवते. कधी बँकेची नोटीस, कधी कारखान्याचे नेमणूक पत्र, कधी विम्याचा कागद. आजोबा शेजारी बसलेले असतात. आपल्या वस्तीतही रविवारचा एक तास असा ठेवता येईल. घरात जो कागद न वाचता फायलीत लावून ठेवला आहे, तो या रविवारी बाहेर काढावा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.